बेत

मिरजेत दवाखान्याच्या मागच्या गल्लीत जागा मिळाली.
जागा म्हणजे भिंतीलगत आठ स्टोव्ह, आठ गावांचे,
आणि एका तारेवर सगळ्यांची धुणी.
स्टोव्हचं भाडं दिवसाला दोन रुपये,
रॉकेल आपलं, पिन आपली.

मी जतचा शिंपी.
अंगठ्याला कात्रीचा घट्टा.
पाऊण मीटरात झंपर बेतून
वर पिशवीला चिंधी उरवणारा.
पण जेवणाचा बेत कधी माझ्याकडं नव्हता.
तो शेवंताचा.
आणि शेवंता वर, बाया वॉर्डात, खाट नंबर नऊ.

पहिल्या दिवशी पिठलं केलं.
गुठळ्या अशा, की बटणं म्हणून लावाव्यात.
शेजारच्या स्टोव्हवरची निंगव्वा, अथणीची,
हसली नाही.
हातातनं पळी काढून घेतली न् म्हणाली,
"पीठ आधी गार पाण्यात मोडायचं, मास्तर.
तापल्यावर कोण ऐकतंय?"

मग मापं कळत गेली.
तूरडाळ नको, मसूर.
तांदूळ नको, कण्या.
कण्या पाणी जास्त पितात,
पोट विचारत नाही दाणा अख्खा होता का.
दिवेलागणीला मार्केटात गेलं
की मुळेवाली पाला तोडून पायाशी टाकते.
मी वाकायचो.
पहिल्यांदा इकडंतिकडं बघून,
नंतर नुसताच.
पाला बारीक चिरायचा, लसणाच्या तीन पाकळ्या,
वरनं पीठ पेरायचं, झाकण ठेवायचं.
फुकटच्या पाल्यात दोन वेळा निघतात.
आणि दाण्याचा कूट म्हणजे अस्तर:
आतनं लावलं की विरलेलं कापडसुद्धा उभं राहतं.

शेवंताला मीठ बंद.
डॉक्टरनं कागदावर लाल शाईनं लिहिलेलं.
म्हणून आमटीला उकळी आली
की तिची वाटी आधी बाजूला,
मग उरलेल्यात मीठ.
एकदा विसरलो.
अख्खं पातेलं मीच संपवलं, दोन दिवस,
आणि तिला वर केळी नेली,
आज तुझा उपास समज म्हणून.
ती म्हणाली, "कसला?"
मला वारही आठवेना.

भाकरी मात्र जमत नव्हती.
थापली की नकाशा,
उलटली की तालुके वेगळे.
निंगव्वाच माझ्या वाटणीच्या दोन थापायची.
त्या बदल्यात मी तिच्या नातवाची चड्डी शिवत होतो,
हातानं, बल्बखाली.
कापड म्हणून तिनं नवऱ्याचा सदरा दिला.
मी म्हटलं, चांगला आहे की अजून.
ती परातीकडं बघत बोलली,
"सैल होतो आता त्याला."
कात्री मी जरा वेळानं लावली.

एका मंगळवारी तिचा स्टोव्ह गार.
पोतं बांधून झालं होतं.
रॉकेलची अर्धी बाटली तिनं माझ्याकडं सरकवली,
चड्डी घडी करून कमरेला खोवली.
मी काही विचारलं नाही.
"जरा गरम पाणी घाल पिठात," एवढंच म्हणाली,
"चिकटपणा येतो."

दुसऱ्या दिवशी मी थापली.
गरम पाण्यानं. बोटं भाजली.
एक कड तुटली, ती तव्यावरच खाऊन टाकली.
दुसरी फुगली नाही, पण अख्खी राहिली.
डब्यात घालून वर गेलो.

शेवंतानं भाकरी उलटून पाहिली,
मी शिवलेल्या कापडाची उलटी बाजू
गिऱ्हाईक बघतं तशी.
"ही त्या बाईची नव्हं."
"माझी."
"कड जाड राहिलीया."
मग आमटीत कुस्करून खाल्ली,
वाटी बोटानं पुसून घेतली.

"आजचे किती झाले?"
"अकरा. स्टोव्ह धरून."

खिडकीकडं बघत तिनं मनात काहीतरी मांडलं,
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत,
किती दिवसांनी.

"पाला फुकट मिळाला न्हवं?
मग दहात बसलं असतं."