खालची ओळ

शहापुरात, वाचनालयाच्या वरच्या हॉलात
दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आम्ही सिनेमा दाखवतो.
ह्या खेपेला कोरियाचा.
पडद्याला खेटून दोन खुर्च्या:
मी मराठीतून, हिरेमठ सर कन्नडमधून,
दोघांत एक माईक, तोही सर्दी झालेला.
खाली इंग्रजी ओळ आली की आधी मी सांगायचं, मग त्यांनी.
एकशे बारा मिनिटं.

सिनेमात फारसं काही नाही.
एक बाई कोबी चिरते, मिठात घालते, वर दगड ठेवते.
नवरा येतो, जेवतो, भांडी उचलतो. चांगला आहे.
दुपारी ती बस पकडून समुद्राकाठच्या गावी जाते
आणि एका माणसाच्या खोलीत
खिडकी उघडी टाकून झोपते.
नुसती झोपते. घोरतेसुद्धा.
त्या माणसाचा चेहरा दाखवतच नाहीत,
एकदा कान दिसतो.

शेवटाकडे नवरा विचारतो, का?
ती हंड्यावरचा दगड उचलते, पदराने पुसावा तसा पुसते.
खाली ओळ येते, तीन-चार शब्दांची:
मी काही दुःखात नव्हते.

हे मी आत्ता सांगतेय.
तेव्हा माईकवर म्हटलं, मी सुखात होते.
शेजारून हिरेमठ सर, हळू, चष्मा वर सारून,
नानु दुःखदल्लि इरलिल्ल.

आणि आमच्याकडची गोष्ट अशी
की इथं दोन्ही भाषा सगळ्यांनाच येतात.

दिवे लागले आणि जुंपली.
मुतगेकर मास्तर उभेच राहिले,
"सुखात होती तर मग हे कशाला गा? माज नव्हं हा?"
"दुःख नव्हतं म्हणाली ती. सुख होतं कुठं म्हणाली?
फरक हाय की!"
ही वडगावची निंगव्वा, मागावर साड्या विणते,
दोन वर्षं येते, तोंड उघडलं ते आज.
कडोलकर वहिनींना नवऱ्याची दया आली,
मेडिकलच्या दोन पोरींना त्या कानाची.
एक गृहस्थ म्हणाले, चौदा मिनिटं कोबी आणि चार सेकंद माणूस,
पैसे परत द्या की.
पैसे घेतलेच नव्हते.
कुणी म्हणालं, घोरली तेवढंच खरं.
कुणी म्हणालं, असलं घरातल्या बायकांना दाखवू नये;
त्यांच्या घरातली बाई शेजारीच उभी होती, द्रोणांतून कुंदा वाटत.
चहा गार झाला.
हॉल दोन भागांत फाटला, पण नेहमीच्या रेघेवर नाही:
मराठी माणसं हिरेमठ सरांच्या ओळीकडून भांडत होती,
कन्नड माणसं माझ्या.

वायर गुंडाळता गुंडाळता सर म्हणाले,
"मॅडम, तुम्ही तिथं जरा पुढं गेलात."
"घाईत झालं, सर."

घाईत नव्हतं झालं.
ओळ चांगली सात सेकंद होती.
मी वाचली, परत वाचली,
आणि पडद्याच्या उजेडात तिसऱ्या रांगेतले हे दिसले,
मांडीवर माझी पर्स दोन्ही हातांनी उभी धरून,
एकोणीस वर्षं धरतात तशी,
कधी उघडून न बघता.
आहे ती ओळ त्यांच्यासमोर बोलवेना.

परतताना दुसरं गेट पडलेलं.
वास्कोहून आलेली कोळशाची गाडी, संपता संपेना.
स्कूटर बंद करून, मागं न वळता, ह्यांनी विचारलं,
"खाली नेमकं काय लिहिलं होतं गं?"

मी डबे मोजत होते. एकेचाळीस. बेचाळीस.
म्हटलं, दिसलं नाही मला नीट,
मध्ये कुणाचं तरी डोकं आलं.

हे "हं" म्हणाले.
शेवटच्या डब्यातला गार्ड हिरवा दिवा हलवत निघून गेला.
गेट उघडलं तरी आम्ही तसेच,
मागचा रिक्षावाला
दोन्ही भाषांत शिव्या देईपर्यंत.