दोन-चाळीसची उचकी

एस्पो. बाहेर उणे एकोणीस.
तूइरेच्या पडद्यावर इमारतीचा आलेख
निजलेला, संथ.
फक्त पहाटे दोन-चाळीसला, रोज, एक उचकी.
नवव्या मजल्यावरून
कोण आठवण काढतंय?

ती जिन्यानं वर गेली,
लिफ्टचाही हिशेब असतो म्हणून.

सफाईवाली होदान किटलीवर ओणवलेली,
भेगाळली बोटं वाफेत.
वेलचीचा वास.
"बंद करते, लगेच करते..."
तूइरेनं खिडकीतला दुसरा कप
पुढे सरकवला.

बाराव्यावर संचालकांची बैठकखोली
शुक्रवारपासून रिकामी, सव्वीस अंशांवर,
खुर्च्यांना घाम फुटावा अशी.
पण तिची रेघ सपाट, सभ्य.
रात्रंदिवस तेवढीच, म्हणून
डोळ्यांत न येणारी.

खाली येऊन तूइरेनं
अहवालात चोर लिहिला.
संन्यासी वगळला.