मॅटिनी, कॅम्प

इंगवले म्हणाला, ज्याच्या खिशात फोटो
तो इंटरव्हलपर्यंत टिकत नाही, बघ.
टिकला. आमचे वेफर्स संपेपर्यंत.

पडद्यावरच्या पोरानं मॅगझिन उलटं घातलं
तेव्हा थिएटर हसलं,
मागच्या रांगेतले कॉलेजवाले जरा जास्तच.
इंगवले नाही.
"माझं तर पडलंच हातातनं," म्हणाला,
"बर्फात. शोधायला वाकलो,
म्हणून पायावर भागलं.
सुभेदारसाहेब उभे होते, शिव्या देत."

वानवडीहून मिळालेला नवा पाय
अजून करकरतो.
पायऱ्या उतरताना तो पुटपुटत मोजतो.
मी हात पुढे केला नाही.

खाली पोस्टरपाशी रांग.
त्या पोराच्या ओठावर अजून मिसरूडही नाही.
"चल," इंगवले म्हणाला,
"सहाच्या खेळाला
परत उलटंच घालणारेय ते येडं."