डावीकडची सीट

अनुभवाच्या दाखल्यावर सही माझीच आहे.
चौदा महिने फॉर्म भरत होती ती,
शेवटचा कागद माझ्याकडे आणला रात्रपाळी संपताना,
बोनेटवर पसरला,
वाऱ्याने उडू नये म्हणून वर रक्तदाबाचं यंत्र.

एकूण तास किती, असं विचारलं होतं त्यांनी.
मी म्हटलं, नोझिबेले, हे मोजायचं कसं?
केईच्या घाटात मिनीबस उलटली तेव्हा
आपण दरीत होतो आणि वर उजाडून गेलं,
ते किती लिहू?
ती म्हणाली, मर्विन, आकडा लिही.
ठोकळ असला तरी चालेल.

आठ हजार लिहिले.

बोटांचे ठसे उमटेनात.
ठाण्यातल्या शिपायाने तीनदा शाई लावली,
अंगठा कागदावर घोळवून पाहिला.
सॅनिटायझरने रेषा खाल्ल्या होत्या.
काय काम करता बाई, त्याने विचारलं.
तिने सांगितलं,
मग वीस मिनिटं त्याच्या आईच्या गुडघ्यावर गेली.

इंग्रजीच्या परीक्षेत दोन मिनिटं बोलायचं होतं.
विषय : तुम्हाला आवडलेली सहल.
खोसा भाषेत जी बाई जाणाऱ्याला उंबऱ्यावर थोपवून धरते,
आफ्रिकान्समध्ये ट्रकवाल्याला शिवी हासडून बाजूला सारते
आणि इंग्रजीत डॉक्टरला फोनवर सगळं सांगते,
तिन्ही एकाच दमात,
तिला सहल काही आठवेना.
शेवटी तिने एक समुद्र रचला, एक मावशी रचली,
मावशीच्या डब्यात भाजलेली कोंबडी.
त्या कोंबडीला साडेसात गुण मिळाले.

मग एक्स-रे.
उजव्या फुप्फुसाच्या टोकाला पांढरा डाग,
तांदळाच्या दाण्याएवढा.

तो कुठला ते मला ठाऊक आहे.
सेंटानेच्या वरच्या वस्तीतला म्हातारा, सोन्याच्या खाणीतून परतलेला,
खोकताना मास्क सारखा खाली ओढायचा.
बारा किलोमीटर मातीचा रस्ता,
धूळ येते म्हणून खिडक्या बंद.
मी गाडी चालवत होतो, एकेक खड्डा चुकवत,
सावकाश.
सावकाश चालवली, हे मी कुणाला बोललेलो नाही.

सहा महिने गोळ्या तिने गाडीतच घेतल्या,
थर्मासमधल्या चहाबरोबर, तोंड वाकडं करत.
फॉर्मवर डागासाठी रकाना होता.
तिने सरळ लिहिलं : होता, बरा झाला.
त्यांनी आणखी तीनदा थुंकी मागवली.

व्हिसा आला तेव्हा आम्ही कामावर होतो.
तिच्या खिशात फोन दोनदा थरथरला,
पण तिच्या दोन्ही हातांत एका पोराची मान होती,
आणि ती सोडता येत नव्हती.
नंतर हॉस्पिटलच्या मागच्या दिव्याखाली वाचलं तिने,
मग मला दिलं. मी चष्मा शोधत राहिलो,
डोक्यावरच होता.

आता बाजूला नवा मुलगा आहे, अयावुया.
हात चांगला आहे त्याचा. बडबड फार.
परवा आवाज खाली आणून विचारत होता,
तो दाखला असतो ना, तो किती वर्षांनी मिळतो?

सास्कॅचेवानहून तिचे निरोप येतात, आवाजातले.
रस्ते पट्टीने आखलेत म्हणे, घरोघरी नंबर.
निळ्या भिंतीपासून वर चढा, वाळकं झाड लागेल,
तिथे कुत्रा भुंकला की थांबा,
असं कुणी सांगत नाही.
‘बरोबर पोचते रे, पण कुणाकडे आले ते कळत नाही.
आणि ऐक, पहिल्या दिवशी सवयीने डावीकडून चढले,
तर समोर स्टिअरिंग!
सगळे हसले. मीसुद्धा.
मग म्हटलं, बसलेच आहे तर चालवते.’

सीटखाली तिचा थर्मास अजून घरंगळतो.
अयावुया म्हणाला, कुणाचाय हा, टाकू का?
राहू दे, म्हटलं.
सेंटानेचा कॉल होता.
डांबर संपलं, माती सुरू झाली,
मागे कुणीतरी खोकत होतं.
धूळ आत आली
तरी मी खिडकी उघडीच ठेवली.