चार दिवस अजून

शुक्रवारी पहाटे तीन दहाला, कुणी न सांगता,
मशीननं आपलं अपडेट आपणच उरकून घेतलं.
ग्राफिक्स ड्रायव्हरची नवी लायब्ररी आली,
जुनीच्या जागेवर बसली.
कर्नलमधलं मोड्यूल मात्र तेच,
चौदा महिने मेमरीत ठाण मांडून.
त्याला उठवायचं तर अख्खं यंत्र झोपवावं लागतं.

साडेआठ वाजले तरी डंडीत अंधारच.
टे नदीवरचा वारा या जुन्या तागाच्या गिरणीच्या
विटांशी झोंबत होता.
आत पंख्यांची घरघर, आणि मी, कोट न काढता.
कमांड दिली. उत्तर एका ओळीचं:
व्हर्जन जुळत नाही.
खाली पाचशे पस्तीस, वर पाचशे पन्नास.

आमच्याकडे याला छत्तीसचा आकडा म्हणतात,
तीननं सहाकडे पाठ फिरवलेली.
आणि पत्रिकेत छत्तीसच्या छत्तीस जुळले तर पेढे!
हे मी एकदा फर्गसला समजवायला गेलो,
फळ्यावर ३ आणि ६ काढून.
तो म्हणाला, मग तुम्ही लग्नं टिकवता कशी?
म्हटलं, रीबूट करून.

फर्गस आता नाही. म्हणजे आहे, आर्ब्रोथला,
निवृत्त, बोटीला रंग देत.
कॅबिनेटवर त्याची चिठ्ठी अजून आहे: हात लावू नका.
टेप पिवळी पडलीय.
एकेक पॅकेज नावानिशी अडवून ठेवलं होतं त्यानं.
यादीत एक नाव राहून गेलं.
एकच.
यादी मी टाइप केली होती.

रीबूटला दोन मिनिटं लागतात.
बोट कीवर होतं.
सवयीनं आधी पाहिलं, आत कोण आहे.

कट्रिओना मॅकफेलचं काम. अकरावा दिवस.
नदीच्या मुखाशी वाळू भरतीबरोबर
कुठे सरकते, कण न् कण.
चार दिवस उरलेले.
पण हे तर बंद पडायला हवं होतं?

पडलं नव्हतं.
अकरा दिवसांपूर्वी तिच्या कामानं
जी लायब्ररी उघडली, ती त्यानं सोडलीच नाही.
डिस्कवर तिचं आता नाव नाही,
यादीत तिच्यापुढे कंसात: काढून टाकलेली.
पण कुणी धरून ठेवलंय तोवर ती जात नाही.
खालचं जुनं मोड्यूल तिला ओळखतं.
दोघं बोलताहेत, सेकंदाला हजारदा,
पुसल्या गेलेल्या बोलीत,
बिनचूक.

दुपारी नवी पोरं आली, त्यांची कामं सुरूच होईनात.
म्हटलं, चार दिवस.
एकानं विचारलं, एका कामासाठी?
म्हटलं, हो.
तो गेला. दार जरा जोरात लागलं.

रविवारी कोपरगावला भास्करला फोन केला.
म्हणाला, फटफटी विकली रे.
मागून त्याचा नातू हसला: आबा, बाइक म्हणा!
मग आम्ही ऐटीत फटफटीच म्हणत राहिलो,
फडताळ म्हणालो, घंगाळ म्हणालो,
एका मास्तरांचं एक टोपणनाव म्हणालो
जे आता आम्हा दोघांखेरीज
कुणालाच ठाऊक नसावं.
ठेवू? म्हणाला.
ठेव, म्हटलं.
कुणीच ठेवेना.

मंगळवारी संध्याकाळी कट्रिओनाचा निरोप आला: झालं.
वाळूचा नकाशाही पाठवला होता,
मला त्यातलं काही कळलं नाही.
यादी उघडली, राहिलेलं नाव घातलं.
फर्गसच्या चिठ्ठीला नवी टेप लावली.
चहा केला.
चहा संपेपर्यंत
की दाबली नाही.