पोटखराबा

होटगीच्या पल्याड, माळाच्या उतारावर
दोन भावांच्या बांधाची मोजणी होती.
फलकयंत्र मांडलं, झेंडी घेऊन पोराला पुढं धाडलं
(औंदा बारावी नापास, रोजंदारीवर),
पट्टीला डोळा लावला
तर ज्वारीत काहीतरी चुकलेलं.
माळदांडी सगळीकडे छातीला लागणारी,
मधूनच एक पट्टा डोक्याच्या वर हातभर,
आणि तोही सरळ नाही.
वीस पावलं गेला की वळतो, पुन्हा वीस, पुन्हा वळतो,
प्यालेल्या माणसानं नांगर धरावा तसा.

सातबारा काढला: पोटखराबा, अकरा आर.
कोण्या तलाठ्यानं कधी लिहिलं, का लिहिलं, काही नाही.
गावातलं सगळ्यात उंच पीक
कागदावर नापीक.

भावांची आत्या, निंबव्वा, बांधावर हरभरा सोलत होती.
"खंदक हाय त्यो," मान वर न करता म्हणाली.
"लढाईच्या साली पलटण आली. आईनं खणला.
मी पाणी वाहिलं, दिवसाला एक आणा."
वाकडा का?
"सरळ असला तर एकच गोळा सगळ्यांना खातो.
वळणावर अडतो म्हणं.
तुमच्या हापिसात शिकवलं नाही व्हय?"

पहाटे शिट्टी झाली की पोरं आत उड्या टाकायची,
ठरलेले तिघे-चौघे मरायचे,
ऊन वर आलं की मेलेले उठून चहा प्यायचे.
"एक तर रोज मरायचा. लाजाळू होता.
मरायच्या आधी टोपी काढून नीट बाजूला ठेवायचा.
मग एका रात्री होटगीवरनं सगळी गाडीत बसली."
कुठं गेली?
तिनं घाट्याचं टरफल फुंकलं.

लढाई इथवर आलीच नाही.
खंदकात बाभळी उगवल्या, कोल्हीण व्याली,
पुढं कुणीतरी तळ्याचा गाळ ओतून बुजवला.
बाकी माळाला वीतभर माती, खाली मुरूम;
इथं पुरुषभर खोल.
मुळांनी तेवढं ओळखलं.

पोराला सांगितलं, त्या पट्ट्यातून जा,
प्रत्येक वळणावर थांब.
झेंडी कणसांवरून चालू लागली.
पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्यावर खाली गेली.
हाक मारली. पुन्हा मारली.
निंबव्वाचे हात थांबले.
वारा पडलेला, एक ताट हलत नव्हतं.
किती वेळ गेला ते मोजलं नाही,
मोजणीदार असून.

"साहेब, चप्पल तुटली!"
झेंडी वर आली, आणि मागून त्याचे दात.

कच्च्या नकाशावर शिसानं बारा वळणं काढली.
आमच्या पुस्तकात त्याला खूण नाही,
म्हणून पक्क्यात नुसता आकडा.
निघताना निंबव्वानं मला मूठभर हरभरा दिला,
पोराच्या ओंजळीत दोन मुठी,
आणि तिसरी.