नऊ आणि चौदा

कुओपिओच्या बाहेर, तळ्याकाठी, माझं फोटो छापायचं दुकान.
डिसेंबरात दिवस दुपारीच आवरतं घेतो,
मग मी, आणि दिव्याखाली वाळणारे कागद.

इम्पी कार्पनेन आली
बिस्किटांच्या डब्यात एकच निगेटिव्ह घेऊन.
सत्तावन्न सालची. धुराच्या साउनात बसलेली आई,
मांडीवर एका दिवसाची इम्पी,
उजवीकडे वीतभर खिडकी,
बाकी सगळी काजळी.
"बाळंतपणं तिथंच व्हायची," ती म्हणाली,
"वाडीतली सगळ्यात स्वच्छ जागा. काळी, पण स्वच्छ."

स्कॅन केलं.
शून्य म्हणजे काळं, दोनशे पंचावन्न पांढरं,
माणसं मधे कुठंतरी.
स्क्रीनवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ,
जसं आलं तसं जाऊ द्या म्हणणारी.
बोट लावलं की वाकते,
आणि इकडे दिलेलं तिकडून काढून घेते.
खिडकी सांभाळावी तर बाळ राखेत जातं,
बाळाला उजेड द्यावा तर आईचं कपाळ पुसलं जातं.
तोकडी घोंगडी.
डोकं झाकलं की पाय उघडे.

कागदाची तऱ्हा आणखी निराळी.
सुती, जाड, शाई पिऊन गप्प बसणारा.
पहिले पंधरा काळे त्याला सारखेच.
आधी पट्टी छापली, एकवीस करड्या चौकोनांची,
रात्रभर ठेवली.
ओला काळा बढाया मारतो,
वाळल्यावर खरं बोलतो.
सकाळी एकेक चौकोन मोजून वहीत लिहिला,
वाण्याच्या उधारीसारखा.

मग मला मोह झाला, कबूल करतो.
रेघेचा खालचा भाग धरून वर उचलला
आणि भिंत उघडली: ओंडके, त्यांतल्या गाठी,
दोन ओंडक्यांमधलं शेवाळसुद्धा.
हुशारीवर खूश होऊन बोलावलं तिला.

इम्पीनं चष्मा बदलून पाहिलं.
"लाकूड दिसतंय," ती म्हणाली.
मी हसलो.
"आम्हाला कधी दिसलं नाही. या भिंतीला टेकलं
तर पाठ काळी होणार नाही.
ही दुसऱ्या कुणाची तरी भिंत."

रेघ सोडून दिली. होती तशी सरळ.
दुसरा कागद. काजळी परत आली,
खोल, मऊ, मांजराच्या पाठीसारखी.
हा तिनं बराच वेळ पाहिला.
"आता आई टेकलीय."
टेकलीच होती. काळी शाल भिंतीत विरघळून
दोघींचं एकच अंधाराचं गाठोडं झालं होतं.
"ती टेकायची नाही. चौदा तास कळा सोसून
ताठ बसली होती, मी काळी होऊ नये म्हणून.
एवढं एकच मला तिच्याबद्दल सांगतात."

ती गेल्यावर दार लावून घेतलं.
भिंत नऊवर होती, शाल चौदावर.
मधे पाच पायऱ्या, ज्या कागदाला मोजता येत नव्हत्या.
नवावर एक खिळा ठोकला, हलू नकोस म्हणून.
चौदाला किंचित उचललं, फार नाही,
झोपलेल्याच्या मानेखाली हात घालावा इतकं.
वर विशीपाशी रेघेला परत जमिनीवर आणलं,
तर ती कुबड काढून बसली, आणि बाळाच्या कानावर डाग.
पुन्हा. पुन्हा.
सात कागद वाया.
महागाचे.
आठव्यावर पाठ आणि भिंत यांच्यात
सुरीच्या पात्याएवढी हवा शिरली.

रात्रभर वाळू दिला. हवा टिकली.

आज ती आली, काही बोलली नाही.
पैसे मोजून ठेवले, तळ्यावर बर्फ धरल्याचं सांगितलं.
मग फोटो दोन्ही हातांनी उचलला,
आणि डाव्या हाताचा अंगठा, मी पाहिलं,
काठाला धरतानाही तिनं
भिंतीपासून दूर ठेवला.